शेतरस्ता अडवला, सहा महिने झाले… आता तहसीलदार काहीच करू शकत नाहीत?

‘सहा महिने उलटले की तहसीलदारांचा अधिकार संपतो, मग थेट दिवाणी दावा’ हे गावोगावी ऐकू येणारे वाक्य अर्धेच खरे आहे.

मुदत आहे ती मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ ची. आधीपासून वापरात असलेला रस्ता कुणी अडवला, तर अडथळा आल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा करायचा. तहसीलदार अडथळा काढायला लावतात, पुन्हा अडवू नये असा मनाई हुकूमही देतात. नवा रस्ता मात्र या कलमाखाली मिळत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ वेगळे. शेतात जायला वाटच नसेल, तर बांधावरून वाट मागता येते, आणि इथे सहा महिन्यांची अट नाही.

दावे बहुतेक अर्जातच फसतात. ‘गेल्या वर्षीपासून अडवले’ असे मोघम लिहिले, की मुदतीचा मुद्दा विरोधकाला आयता मिळतो. अडथळ्याची तारीख नेमकी लिहा. गट क्रमांक, रस्त्याची दिशा, कच्चा नकाशा, सातबारा, साक्षीदारांची नावे द्या. ज्यांच्या बांधावरून वाट हवी, त्या सर्व खातेदारांना पक्षकार करा. एकजण राहिला तरी तो आदेशाला आव्हान देऊ शकतो.

कलम ५ च्या निकालावर अपील नाही, पुनरीक्षण (वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निकालाची फेरतपासणी) आहे. कलम १४३ च्या निर्णयावर अपील होते किंवा एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो.