मिरगानंतरची ढाबळ

गोव्यात मिरग लागला की कबुतरांच्या ढाबळीत ओल वाढते आणि तिच्यामागोमाग औषधांच्या बाटल्या वाढतात. मला बाटल्यांची काळजी जास्त वाटते. हिरवी, पातळ शीट दिसली की कोंबड्यांच्या औषधांच्या दुकानातून एखादे अँटिबायोटिक आणायचे, पाण्यात मिसळायचे आणि साऱ्या ढाबळीला पाजायचे, ही आपल्याकडची रीत. पक्षी सुधारले तर औषध लागू पडले म्हणायचे, नाही सुधारले तर दुसरे आणायचे. आजार नेमका कोणता होता, हे शेवटपर्यंत कळत नाही. खरे तर ते कळायला बहुतेक वेळा एक ताजी शीट आणि एक सूक्ष्मदर्शक पुरतो.

म्हणून सुरुवात शीटेपासूनच करू. निरोगी होमरची, म्हणजे शर्यतीत उडवतात त्या लांबून घरी परतणाऱ्या कबुतराची, शीट घट्ट, तपकिरी असते आणि तिच्यावर पांढरी टोपी असते. ती टोपी म्हणजे युरिक आम्ल, पक्ष्याची लघवी. हिरवा रंग पित्ताचा असतो. पक्ष्याने दिवसभर काही खाल्ले नाही तर आतड्यातून नुसते पित्त उतरते आणि शीट हिरवी होते. लांबच्या उड्डाणावरून उपाशी परतलेल्या कबुतराची शीट हिरवी असेल तर ती भुकेची खूण आहे, त्याला दाणा-पाणी आणि विसावा हवा. दुसरे, पातळपणा कुठला ते पाहा. मध्ये घट्ट गोळी आणि भोवती पाण्याचे थारोळे असेल तर ती हगवण नव्हे, लघवी वाढली आहे. गोळीच विरघळून चिखल झाला असेल तर दुखणे आतड्यात आहे. हा फरक ओळखता आला की निम्मी चुकीची औषधे टळतात.

आपल्या हवेत आतड्याचे सगळ्यात नेहमीचे दुखणे कॉक्सिडिया. कोंबड्या पाळणारे ज्याला रक्ती हगवण म्हणतात, त्याच कुळातला हा परजीवी, पण कबुतरातली जात वेगळी. कोंबडीची कबुतराला लागत नाही. मोठ्या पक्ष्यांच्या पोटात तो थोडाफार असतोच आणि ते त्याला दाद देत नाहीत. मार बसतो तो नुकत्याच आईबापांपासून वेगळ्या केलेल्या पिल्लांना. ती पिसे फुगवून कोपऱ्यात बसतात, छातीचे हाड हाताला टोचू लागते. आता यातली महत्त्वाची गोष्ट. शीटेतून बाहेर पडणारी या परजीवीची कवचबंद अवस्था ताजी असताना कोणाला बाधत नाही. तिला पिकायला ऊब, ओल आणि हवा लागते आणि एक-दोन दिवस लागतात. आषाढ-श्रावणात आपल्याकडे शीट वाळतच नाही, त्यामुळे हे पिकणे बिनबोभाट होते. पण रोज सकाळी शीट खरवडून काढली तर परजीवीला ती मुदतच मिळत नाही. फिनेलने तो मरत नाही, कवच जाड असते. सुकेपणाने आणि कडक उष्णतेने मरतो. म्हणूनच पावसाळ्यात ढाबळ पाण्याने धुऊ नका, असे मी कळवळून सांगते. चिऱ्याच्या भिंतीला लागून असलेली ढाबळ एकदा धुतली की आठवडाभर सुकत नाही. पत्र्याच्या खरवडणीने कोरडीच साफ करा. जमले तर तळाला जाळी टाका, म्हणजे पक्ष्यांचे पाय शीटेत पडणार नाहीत.

दुसरे मोठे दुखणे घशाचे, कॅन्कर. ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय जीव घशात आणि गळ्याखालच्या अन्नपिशवीत राहतो. कबुतराचे नर आणि मादी दोघेही पिल्लांना अन्नपिशवीतल्या दुधावर वाढवतात आणि त्याच दुधातून हा जीव पहिल्या दिवसांतच पिल्लाकडे जातो. बरीच कबुतरे तो आयुष्यभर बाळगतात आणि धडधाकट दिसतात. शर्यतीचा, प्रवासाचा किंवा पिसे गाळण्याचा ताण आला की तो उसळतो. पक्षी जास्त पाणी पितो, दाणा उचलून टाकतो, उशिरा घरी येतो. चोच उघडून पाहिल्यास घशात पिवळट, पनीरसारखा थर दिसतो. मात्र थर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

तपासणी सोपी आहे, पण घाईची. ओल्या कापसाच्या बोळ्याने घसा आणि अन्नपिशवी हळूच पुसायची, थेंब कोमट सलाईनमध्ये काचपट्टीवर घ्यायचा आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. नासपतीच्या आकाराचे जीव पुढचे चार तंतू हलवत, अंगाला झटके देत, वेडेवाकडे फिरताना दिसतात. थेंब गार झाला की त्यांची हालचाल मंदावते आणि मग घशातल्या पेशींच्या गर्दीत ते ओळखू येत नाहीत. म्हणून या तपासणीसाठी नमुना आणू नका, पक्षी आणा. सुक्यात हा जीव लवकर मरतो, पाण्याच्या भांड्यात तगतो. प्रवासाच्या टोपलीत अनेकांच्या कबुतरांनी एकाच पन्हाळीतून पाणी प्यायले की तो वाटला जातो. भांडे रोज घासून उन्हात उपडे ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. औषध लागलेच तर वजनानुसार, पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस द्यावे लागते. दर शर्यतीआधी थोडे थोडे पाजत राहिल्याने औषधाला न जुमानणारे ट्रायकोमोनासच मागे उरतात.

मानमोडी मात्र औषधाने बरी होत नाही. कोंबड्यांतल्या रानीखेत रोगाच्या विषाणूचाच एक प्रकार कबुतरांत रुजला आणि १९८० च्या दशकात युरोपभर शर्यतीच्या कबुतरांत पसरला. पहिले लक्षण बहुधा तीच पाण्याच्या थारोळ्यातली शीट. मग मान वळते. मक्याच्या दाण्यावर कबूतर चोच मारते आणि ती दाण्याच्या शेजारी पडते. पुन्हा मारते, पुन्हा चुकते. दाणा समोर असून पक्षी उपाशी मरतो. अशा पक्ष्याची मान लगेच मुरगळू नका. वेगळा ठेवून खोल भांड्यात दाणा द्या, म्हणजे चोच कुठेही पडली तरी दाण्यातच पडेल. गरज लागली तर हाताने भरवा. काही आठवड्यांत बरेच पक्षी सावरतात. तोवर आणि त्यानंतरही काही काळ ते विषाणू पसरवत असतात, म्हणून ढाबळीत परत नेण्याची घाई नको. खरा बचाव लसच. मृत विषाणूची लस मानेमागच्या कातडीखाली टोचतात आणि दर वर्षी, शर्यतीच्या मोसमाच्या बऱ्याच आधी, पुन्हा देतात.

देवीचे फोड डास चावल्याने येतात: चोचीच्या बुंध्याला, पापण्यांवर, पायांवर. तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप पडतात. ओढून काढू नका, रक्त येते आणि जखम चिघळते. डासांची जाळी बसवा. आपल्या हवेत तो खर्च वाया जात नाही.

पिसांत आडवी तुरतुर पळणारी चपटी माशी अनेकांनी पाहिली असेल. ती रक्त पिते आणि हिमोप्रोटियस नावाचा मलेरियाच्या नात्यातला परजीवी कबुतरात सोडते. एडमंड आणि एतिएन सर्जां या भावांनी १९०६ मध्ये अल्जीरियात हे दाखवले. तिचे कोष घरट्याच्या काड्यांत आणि कचऱ्यात पडतात आणि त्यांतून माशी निघायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. दर दोन आठवड्यांनी घरट्यातल्या काड्या बदलून जुन्या जाळल्या तर नवी पिढी निघतच नाही. कॉक्सिडियाच्या वेळी खरवडणी जे करते, तेच इथे झाडू करतो.

औषधांबद्दल दोन गोष्टी अगदी स्पष्ट सांगायला हव्यात. गुराढोरांना जंतासाठी देतात ते फेनबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल कबुतरांना विषारी ठरू शकते. त्याने आतड्याचे अस्तर आणि हाडांतला रक्त तयार करणारा मगज बिघडतो. पिसे येण्याच्या काळात दिले तर पिसे वाकडी, अधू उगवतात. शर्यतीच्या पक्ष्याचा तो मोसम गेलाच. जंतांसाठी कबुतरांना चालणारी दुसरी औषधे आहेत, ती पशुवैद्याकडून घ्या. दुसरे, डॉक्सिसायक्लिनसारखे अँटिबायोटिक चालू असताना शिंपल्यांचा चुरा समोरून काढून ठेवा. आपल्याकडे खुबे-तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, भाजून, कुटून कबुतरांना घालतात आणि एरवी ते उत्तमच. पण त्यातले कॅल्शियम या औषधाला आतड्यातच बांधून ठेवते आणि औषध रक्तात पोचत नाही.

एक डोळा ओला, पापणी सुजलेली, शिंका असे पक्षी हाताळताना जपा. ते क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूचे लक्षण असू शकते आणि तो माणसाला न्यूमोनिया देतो. ढाबळीत शिरताना मास्क एरवीही हवा, कारण पिसांच्या आणि शीटेच्या बारीक धुळीने वर्षानुवर्षे कबुतरे पाळणाऱ्यांची फुप्फुसे कायमची आखडू शकतात. कोरडा खोकला आणि चढ चढताना दम लागत असेल तर डॉक्टरला आपण कबुतरे पाळतो हे आधी सांगा.

नवा पक्षी आणला किंवा हरवलेला परत आला, तर किमान तीन-चार आठवडे वेगळा ठेवा. त्याला दाणा-पाणी सगळ्यांत शेवटी घाला. दवाखान्यात शीट नेताना ती चार-पाच पक्ष्यांची, त्याच सकाळची हवी. कागदात गुंडाळू नका, तो ओल शोषून घेतो. झाकणाच्या छोट्या स्वच्छ डबीत न्या. सोबत एवढे लिहून न्या: पिल्ले किती आठवड्यांची, पहिले लक्षण कधी दिसले, आणि गेल्या महिन्याभरात कोणकोणती औषधे पाजली. शेवटची ओळ लपवू नका.