चार बुटके, चार वर्ग: हा नियम कुणी काढला?

परवा इंदूरला, राजवाड्यामागच्या आमच्या वाड्यात, धाकटा मावसभाऊ रुसून बसला. ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’ हा गुहेत खनिज खोदत शत्रूंशी लढणाऱ्या बुटक्यांचा व्हिडिओ गेम खेळताना मोठ्यांनी त्याला ‘स्काउट आधीच आहे, तू गनर घे’ म्हणून दटावलं होतं. चमूत चारही वर्ग, म्हणजे स्काउट, गनर, इंजिनियर आणि ड्रिलर या भूमिका, वेगवेगळे हवेतच, नाहीतर मोहीम बुडालीच, हा समज आमच्याकडे वर्षानुवर्षं पोह्यांवरच्या शेवेसारखा पसरलाय.

खरं म्हणजे खेळात तसा नियमच नाही. 2020 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या या डॅनिश खेळात एकच वर्ग चौघांनी घेतला तरी चालतं. कुदळ प्रत्येकाकडे असते. एकटं खेळलात तर सोबतीला बॉस्को नावाचा ड्रोन येतो आणि उंचावरचं खनिजही काढून देतो. शत्रूंचा जोरही खेळाडूंच्या संख्येप्रमाणे बदलतो.

समज आला कुठून, तर स्काउट आणि इंजिनियरच्या जोडीतून. इंजिनियर भिंतीवर फलाट चिकटवतो, स्काउट आकड्याच्या दोरानं त्यावर झेपावून खनिज फोडतो. जोडी झकासच आहे, पण म्हणून ती सक्तीची होत नाही. चार ड्रिलर असले तर छताकडचं सोनं काढायला खडकातून चढता बोगदा पाडावा लागतो, वेळ जास्त जातो, आणि स्काउट नसल्यानं गुहेत उजेडही बेताचाच. परतीला मात्र हेच ड्रिलर खडक फोडून थेट यानाकडे वाट काढतात! गनरची ढाल नसल्याची उणीव सर्वांत अवघड पातळीवर जाणवते, हे मान्य.

मावसभावाला शेवटी स्काउटच दिला. दोन स्काउट झाले आणि आम्ही जिंकलो, दादा मात्र अजून कुरकुरतोय.