लग्न झालेल्या आईचा नंबर दुसरा

सातबाऱ्यावर लहान मुलाचं नाव लागलं की त्याच्याजवळ ‘अ.पा.क.’ ही अक्षरं येतात, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन मुलाच्या वतीने व्यवहार बघणारा पालक. तिथे आईचं नाव दिसलं की गावातली माणसं बहुधा गृहीत धरतात, वडील गेले असणार. या समजुतीमागे नुसती रूढी नाही, कायदाही आहे.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम 1956 सालचा. त्याच्या कलम 6 प्रमाणे औरस मुलाचे नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर ताबा साधारणपणे आईकडे. थोडक्यात, रात्री जागायला आई आणि सहीला वडील. खरी गंमत पुढच्याच ओळीत आहे. मूल अनौरस असेल तर क्रम उलटा होतो: आधी आई, तिच्यानंतर वडील. म्हणजे लग्नाशिवाय आई झालेल्या बाईला जो पहिला हक्क मिळतो, तो लग्न करून आई झालेलीला नाही. कुमारी मातेबद्दल कायदा करणाऱ्यांना विशेष आदर होता असं मुळीच नाही. बाप कोण हे ठरवण्याच्या भानगडीत न पडता जबाबदारी तिच्या पदरात टाकणं सोयीचं होतं, इतकंच. याच कलमात अल्पवयीन विवाहित मुलीचा पालक तिचा नवरा, असंही लिहिलंय. बालविवाहाला बंदी असलेल्या देशात!

मूळ आणखी मागे, इंग्रजी अमदानीत सापडतं. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम 19 प्रमाणे बाप हयात आणि लायक असेल तर न्यायालयाला दुसरा पालक नेमताच येत नव्हता. ही वळणाची वाट इंग्लंडची. तिथे सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागण्याची मुभा आयांना 1839 मध्ये मिळाली आणि पालकत्वात पूर्ण बरोबरी यायला 1973 उजाडलं. आपल्या कलम 19 मध्ये वडिलांच्या जोडीला आई आली ती 2010 मध्ये.

दरम्यान कोर्टांनी वाट काढायला सुरुवात केली होती. विदर्भातल्या शेतजमिनीचं एक प्रकरण 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. नवरा-बायको कित्येक वर्षं वेगळे राहत होते, मुलगी आईजवळ होती आणि तिच्या नावची जमीन आईच कसायला देत होती. वडील जिवंत होते, पण मुलीकडे ढुंकून बघत नव्हते. अशा बापाला नसल्यासारखंच धरून कोर्टाने आईला नैसर्गिक पालक मानलं. अर्थात, त्या प्रकरणाच्या विशेष परिस्थितीत.

मोठं वळण आलं ते भांडणातून नव्हे, चांगल्या चाललेल्या संसारातून. लेखिका गीता हरिहरन आणि त्यांच्या पतीने 1984 मध्ये मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे 9 टक्क्यांचे रिलीफ बाँड घ्यायला अर्ज केला. या व्यवहारात पालक आई राहील, हे दोघांनीच लिहून दिलं होतं. बँकेने अर्ज परत केला: वडिलांची सही आणा, नाहीतर सक्षम अधिकाऱ्याचा पालकत्वाचा दाखला. बापाची हरकत नाही, उलट लेखी संमती आहे, तरी आईची सही चालत नाही!

17 फेब्रुवारी 1999 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ‘वडिलांनंतर’ म्हणजे केवळ त्यांच्या मृत्यूनंतर नव्हे, त्यांच्या अनुपस्थितीत. बाप दूर असेल, आजारी असेल, मुलाबाबत बेफिकीर असेल किंवा दोघांनी आपसात ठरवून आईकडे काम सोपवलं असेल, तर आईच पालक. कलम घटनाबाह्य मात्र ठरवलं नाही. निकाल चांगला, पण अर्धवट, असं माझं मत. घरात असलेला, लक्ष घालणारा बाप आजही पहिलाच. विधी आयोगाने 1989 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये दोघांना समान दर्जा द्या अशी शिफारस केली, तरी कलमाचे शब्द जिथल्या तिथे आहेत.

2015 मध्येच एका अविवाहित ख्रिस्ती आईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिला आपल्या गुंतवणुकीवर मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लावायचं होतं आणि बापाचं नाव सांगायचं नव्हतं. बापाला नोटीस दिल्याशिवाय पालकत्व देता येत नाही म्हणून खालच्या न्यायालयांनी तिला परत पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र बापाला नोटीस देण्याची गरज नाही असं ठरवलं, आणि अशा आईने प्रतिज्ञापत्र दिलं की मुलाचा जन्मदाखला द्यावा, असाही आदेश दिला.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आला. त्यावरून आता आईला पालकत्वही मिळालं, असं काहींना वाटतं. तसं नाही. तो नाव लिहिण्याचा नियम आहे. सही कोणाची चालेल हे अजून 1956 चं कलम आणि 1999 चा निकाल मिळूनच ठरतं. मूल कोणाकडे राहावं यावर वाद झालाच, तर त्याच कायद्याचं कलम 13 लागतं आणि तिथे आईबापांच्या हक्कांपेक्षा मुलाचं हित मोठं धरलं जातं.