क्रोम मुलाम्यावरील खड्डे व त्यांची दुरुस्ती

जुन्या मोटारींचे बंपर, हेडलाइटची कडी, दारांच्या मुठी, बॉनेटवरची चिन्हे अशा चकाकत्या भागांवर निकेल आणि क्रोमियम यांचा मुलामा असतो. दमट हवा, मीठ आणि साचलेली धूळ यांमुळे वर्षानुवर्षांनी या मुलाम्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे-तांबूस ठिपके उमटतात, मग खड्डे पडतात किंवा फोड येतात. मोटारवाले याला ‘पिटिंग’ म्हणतात किंवा सरळ ‘क्रोम गेले’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात क्रोम बऱ्याचदा जागेवरच असते. गेलेला असतो तो त्याच्या खालचा धातू. दुरुस्तीचा सारा मार्ग या एका गोष्टीवरून ठरतो, आणि ती ध्यानात न आल्यामुळे कितीतरी चांगले भाग घासून घासून वाया गेले आहेत.

मुलाम्याची घडण : क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-निकोला व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये शोधले. त्याचा मुलामा व्यापारी प्रमाणावर शक्य व्हायला मात्र १९२० चे दशक उजाडले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी केलेले काम त्यात महत्त्वाचे ठरले. त्याआधीच्या मोटारींवर पितळ किंवा निकेल असे आणि ते सतत पुसत राहावे लागे. क्रोमियमवर आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, म्हणून ते काळवंडत नाही. दशकभरातच ते मोटारींवर सर्रास दिसू लागले, आणि १९५० च्या दशकात अमेरिकी मोटारींवर त्याचा कळस झाला. १९५८ च्या ब्यूकच्या पुढच्या जाळीत तर १६० चौकोनी क्रोमचे तुकडे होते.

एवढे कौतुक होते त्या क्रोमचा थर असतो साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. या थराखाली निकेल असते, उघड्यावरच्या भागांसाठी तीस-चाळीस मायक्रॉनपर्यंत, आणि चांगल्या कामात त्याखाली तांबे. तांबे पृष्ठभाग सपाट करते, निकेल गंजापासून राखते आणि आरशासारखी झळाळीही बहुतांशी त्याचीच असते. क्रोम त्यावर निळसर छटा आणि कठीणपणा आणते. निकेलचे मोल कोरियन युद्धाच्या काळात कळले. त्या वेळी अमेरिकेत निकेलच्या वापरावर निर्बंध आले आणि कारखान्यांनी थेट तांब्यावर क्रोम चढवून, वरून पारदर्शक लाखेचा हात देऊन मोटारी बाहेर काढल्या. १९५१-५२ च्या सुमाराच्या त्या मोटारींचे क्रोम इतक्या लवकर खराब झाले, की हौशी मंडळींत त्या वर्षांच्या भागांविषयी आजही सावधपणा आढळतो.

खड्डा कसा पडतो : क्रोमचा थर सलग दिसला तरी त्यात सूक्ष्म भेगा व छिद्रे असतातच. त्यांतून ओल आणि मिठातले क्लोराइड निकेलपर्यंत पोचतात. निकेल आणि त्याभोवतीचे क्रोम यांची मिळून एक चिमुकली विद्युत घटमाला तयार होते. क्रोमचा विस्तार मोठा, उघडे पडलेले निकेल सुईच्या अग्राएवढे. त्यामुळे झिजण्याचा सारा भार त्या एका बिंदूवर येतो आणि खड्डा रुंद न होता खोल जातो. निकेल भेदले गेले, की पाळी खालच्या धातूची. जस्ताचा मुलामा स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. निकेल-क्रोमचे याच्या उलट आहे : एकदा भोक पडले की ते खालच्या धातूलाच झिजायला लावतात.

खाली पोलाद असेल तर छिद्रातून तांबडा गंज पाझरतो. खाली जस्ताची ओतीव मिश्रधातू असेल तर पांढरी भुकटी तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, मुलाम्याला आतून वर उचलते आणि पुरळ उठावे तसे बारीक फोड येतात. बोटाच्या नखाने फोड टोकरला तर क्रोमची पापडी निघते आणि आत करड्या-पांढऱ्या पुडीने भरलेली वाटी दिसते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून दुहेरी निकेलची पद्धत आली. तिच्यात वरचा गंधकयुक्त चमकदार थर आधी झिजतो आणि झीज खाली न जाता आडवी पसरते. नंतरच्या चांगल्या बंपरांवर खड्डे कमी दिसतात ते त्यामुळे.

मुंबईत ही सारी प्रक्रिया वेग घेते. समुद्राकडून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा, दोन्ही क्रोमचे वैरी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून तयार झालेली फियाट ११०० डी, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, हिचे पोलादी बंपर याची साक्ष देतात. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली; आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या बहुतेक जिव्हाळ्याने सांभाळलेल्या खासगी गाड्या, आणि त्यांच्या मालकांपुढे पहिला प्रश्न असतो तो क्रोमचाच.

आधी धातू ओळखावा : चकाकते ते सगळे क्रोम नसते. अंगावरच्या कित्येक पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्यांवर मुलामाच नसतो, त्यामुळे पोचे काढून, पाणपेपर (ओला करून वापरायचा घासकागद) मारून आणि बफ करून, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चमकवून, त्या नव्यासारख्या होतात. काही पट्ट्या ॲनोडीकरण केलेल्या (विजेने वर ऑक्साइडचा थर चढवलेल्या) ॲल्युमिनियमच्या असतात, हाताला अगदी हलक्या. त्या चुकून क्रोमवाल्याकडे गेल्या आणि कॉस्टिक सोड्याच्या टाकीत पडल्या तर विरघळून जातील. लोहचुंबक घट्ट चिकटला आणि ठिपके तांबडे असतील तर खाली पोलाद समजावे. चुंबक चिकटत नाही, भाग जड आहे, मागची बाजू करडी व ओतीव दिसते, नक्षी किंवा अक्षरे उठावाची आहेत, तर ती जस्ताची मिश्रधातू. कारागीर तिला ‘मझॅक’ म्हणतात. चुंबकाचा निर्णय मात्र एकट्याने अंतिम मानू नये. काही प्रकारच्या स्टेनलेसलाही तो चिकटतो.

घरी करण्याजोगे काम : खड्डा म्हणजे हरवलेला धातू, तेव्हा घासून तो भरत नाही. घरच्या उपायांनी गंज निघतो, ठिपके फिके होतात आणि पुढची झीज लांबते. हे पुष्कळ झाले. भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवावा, म्हणजे धुळीतले कण घासताना ओरखडे पाडणार नाहीत. मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत आणि ठिपक्यांच्या तोंडावरचा गंज निघून करडा चिखल जमतो. तो पुसून काढत जावे. हट्टी ठिपक्यांना चार शून्यांचे सर्वांत बारीक स्टील वूल तेलाच्या थेंबाबरोबर चालते, पण त्याचे तुटलेले तंतू खड्ड्यात राहिले तर तेच पुढे गंजतात, म्हणून नंतर ब्रशने झाडून घ्यावे. ऑक्झॅलिक ॲसिडचे सौम्य द्रावणही गंज विरघळवते; ते विषारी आहे, हातमोजे घालूनच वापरावे. शेवटी भाग धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर मेण चोळावे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. शौचालय साफ करण्याच्या बहुतेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते क्रोमियम विरघळवते, आणि काही मिनिटांत निळसर झळाळी जाऊन निकेलची पिवळट छटा दिसू लागते. दुसरी, पितळी भांडी घासायची खरबरीत पूड किंवा पॉलिश पेपर. अर्धा मायक्रॉनच्या थरात घासण्याला जागाच नाही.

पुन्हा मुलामा चढवणे : खड्डे नखाला अडकत असतील तर भाग मुलामेवाल्याकडेच जायला हवा. त्याआधी तो गाडीवरून न मोडता उतरवणे हीच एक परीक्षा असते. मझॅकच्या चिन्हांचे मागचे खिळे त्याच ओतकामाचे असतात आणि जुन्या नटांत आवळून बसलेले असतात. घाईने पान्याचा झटका दिला की खिळा नटासकट तुटून हातात येतो. दोन-तीन दिवस गंजतेल सोडत राहावे आणि नट सैल होत नसेल तर तो कापून काढावा.

कारखान्यात पहिले काम जुना मुलामा उतरवण्याचे. क्रोम आणि निकेल वेगवेगळ्या टाक्यांत, उलटा विद्युतप्रवाह देऊन सोडवतात. पोलादी बंपर हे सोसतो. त्याचे खोल खड्डे वेल्डिंगने भरून घासतात, उथळ खड्डे नुसते घासून पुसट करतात. जस्ताला मात्र आम्ल आणि अल्कली दोन्ही खातात. उतरवणाऱ्याचे दोन मिनिटे लक्ष नसले तर मूठ चाळणी होऊन बाहेर येते. म्हणून मझॅकचे काम सगळेच घेत नाहीत, आणि जो घेतो त्याने जास्त पैसे मागितले तर ते रास्त आहेत.

दाराची एक मझॅकची मूठ घेऊ. मुलामा उतरल्यावर ती काळपट, देवीचे व्रण असावेत तशी दिसते. प्रत्येक खड्डा बारीक बरने (फिरत्या कोरणीने) कोरून त्यातली पांढरी भुकटी पूर्ण काढावी लागते, अगदी चकचकीत धातू दिसेपर्यंत, कारण एक कण राहिला तरी वर्षभरात त्याच जागी फोड परत येतो. मग सायनाइडयुक्त द्रावणात तांब्याचा पहिला पातळ थर देतात. साध्या मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणात ती थेट बुडवली तर तांबे जस्तावर विजेशिवायच सुटेल, पण ते पकड धरणार नाही, बोटाने पुसले तरी निघेल. तांबूस झालेल्या मुठीच्या खड्ड्यांत आता कथिल-शिशाची झाळ भरतात. ती १९० अंशांच्या आतबाहेर वितळते. जस्ताची मिश्रधातू वितळते सुमारे ३८० अंशांना. मधल्या अंतरातच कारागिराला हात चालवायचा असतो. झाळ थोडी वर येईल इतकी भरून, मऊ कानशीने मूळ वळणाशी जुळवत उतरवतात, आणि पुन्हा सायनाइडचे तांबे देतात.

खड्डे नुसत्या तांब्यानेच का भरत नाहीत, असा प्रश्न पडतो. आम्लयुक्त टाकीत नेहमीच्या प्रवाहाला तासाला साधारण पन्नास मायक्रॉन तांबे चढते, म्हणजे अर्धा मिलिमीटर खोल खड्ड्याला दहा तास. तेवढे करूनही ते भरते कडांवर जास्त आणि तळाशी कमी, कारण वीज उंचवट्यांकडे धावते. झाळीने खड्डा बुजवून उरलेली बारीक खरखर तांब्यावर सोपवणे हाच शहाणपणाचा मार्ग. तांबे चढवायचे, २२० पासून ६०० नंबरपर्यंतच्या (नंबर मोठा तसा पेपर बारीक) पेपरने घासायचे, बफ करायचे, उजेडात तिरपे धरून पाहायचे, राहिलेली खाच दिसली की पुन्हा टाकीत, असे तीन-चार फेरे होतात. याच टप्प्यावर चांगला आणि सामान्य कारागीर वेगळे ओळखू येतात. घाईचा बफ कडा गोल करतो, अक्षरांची टोके बुजवतो. मूठ आरशासारखी होते पण गाडीची राहत नाही. माझ्या मते मालकाने पैसे देण्यापूर्वी तांब्याच्या अवस्थेतला भाग स्वतः पाहावा. तांब्यावर जो दोष दिसतो तो क्रोमखाली दुप्पट उठून दिसतो.

त्यानंतर निकेल. बहुतेक टाक्या ऑलिव्हर वॉट्स यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या कृतीवर चालतात : निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड, बोरिक आम्ल. शेवटी क्रोम. त्याच्या नेहमीच्या टाकीत लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल आणि त्याच्या शंभराव्या भागाइतके सल्फ्युरिक आम्ल असते. मूठ तिथे जेमतेम काही मिनिटे राहते. दिलेल्या विजेतील दहा-वीस टक्केच धातू चढवण्यात खर्च होते, बाकीतून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात.

त्या बुडबुड्यांबरोबर क्रोमिक आम्लाचे तुषार हवेत उडतात. त्यातले सहा-संयुजी क्रोमियम माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झाले आहे, आणि या टाक्यांवर संरक्षणाविना काम करणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडते हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. धूर ओढणारे पंखे, तुषार रोखणारी रसायने आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया जिथे नाही तिथले स्वस्त क्रोम दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसाच्या खर्चाने स्वस्त असते. हौसेखातर गाडी सजवणाऱ्याने दरासोबत हेही विचारून घ्यावे. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमिक आम्ल वापरण्यास विशेष परवानगी लागते. कॅलिफोर्नियाने शोभेच्या कामासाठी ते २०२७ पासून बंद करण्याचे ठरवले आहे. त्याऐवजी आलेले त्रि-संयुजी क्रोम कमी घातक आहे, पण त्याची छटा किंचित काळसर असते. एकाच गाडीवर जुने-नवे मिसळले तर उन्हात फरक दिसतो. म्हणून समोरचे सगळे भाग एकाच टाकीतून करून घ्यावेत.

मुळचे किती राखावे : प्रत्येक खड्डा बुजवलाच पाहिजे असे नाही. थोडेसे ठिपके असलेला पण मूळ कारखान्याचा मुलामा टिकलेला भाग पुन्हा मिळत नाही, आणि जुन्या गाड्यांचे जाणकार अशा भागाला मान देतात. बाकी रंग, गाद्या वयाला शोभतील अशा असताना एकटा बंपर लखलखीत झाला तर तो उपरा वाटतो. चंदेरी फवारे आणि क्रोमसारखे रंग यांची गणना दुरुस्तीत करता येत नाही. त्यांना धातूची थंड चमक येत नाही आणि पेट्रोलचा हात लागला की काही निघूनही जातात.

बसवताना : बंपरच्या मागच्या बाजूला वीज नीट पोचत नाही, तिथे निकेल पातळ असते आणि क्रोम जवळजवळ नसतेच. गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो. म्हणून नवा बंपर गाडीला लावण्याआधी त्याच्या पाठीला प्रायमर व रंग द्यावा, दुमडीत मेण किंवा ग्रीस भरावे. मुठीखाली रबराची नवी गादी घालावी. जुनी चिरलेली गादी पाणी धरून ठेवते. बोल्ट आवळताना क्रोमवर थेट पोलादी वॉशर येऊ देऊ नये, मध्ये नायलॉनचा घालावा. जूनच्या पहिल्या सरीआधी सगळ्या क्रोमवर मेणाचा हात फिरवावा, आणि पावसाळ्यात गाडी बाहेर उभी राहणार असेल तर व्हॅसलिनचा पातळ थर देऊन तो दिवाळीच्या सुमारास पुसावा.