तीन पत्तीतली चाल आणि पोकरमधला कॉल
गणपतीच्या जागरणाला आणि दिवाळीच्या रात्री मुंबईच्या चाळींत व सोसायट्यांत तीन पत्ती खेळून तयार झालेली मंडळी पोकरच्या टेबलावर बसली की "ही तर तीन पत्तीच, फक्त पत्ते जास्त" असे हमखास म्हणतात, आणि याच समजुतीपायी पाच-दहा रुपयांच्या खेळातही रात्रभर हरत राहतात. येथे पोकर म्हणजे टेक्सास होल्डेम समजावे: प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते, मधोमध टप्प्याटप्प्याने उघडणारे पाच सामायिक पत्ते, आणि या सातांतून सर्वोत्तम पाच.

किरकोळ फरक लवकर अंगवळणी पडतात. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारे पत्ते) कलरच्या (सगळे पत्ते एकाच चिन्हाचे) वर असतो आणि पोकरमध्ये खाली, कारण प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचा सिक्वेन्स) वगळता तीन पत्त्यांचे सिक्वेन्स ७२० व कलर १०९६ होतात, तर पाच पत्त्यांचे सिक्वेन्स १०२०० व कलर ५१०८. पोकरमधल्या ब्लाइंडचा न पाहता खेळण्याशी संबंध नाही. ती दोन खेळाडूंनी आळीपाळीने आधीच लावायची सक्तीची रक्कम आहे.

खरा घोटाळा चाल आणि कॉल (समोरच्याने लावलेल्या रकमेइतकी रक्कम टाकून डावात राहणे) एकच मानण्यात आहे. तीन पत्तीत चालीचा दर मीटरच्या भाड्यासारखा नियमाने बांधलेला असतो: पत्ते पाहिलेल्याने आधीच्या पाहून खेळणाऱ्याइतकी किंवा फार तर त्याच्या दुप्पट रक्कम टाकायची. त्यामुळे पॉट (मधोमध जमलेली रक्कम) फुगत गेला की त्याच्या मानाने एकेक चाल स्वस्त वाटू लागते, आणि हातातले पत्ते तर बदलणारच नसल्याने ती चाल केवळ डावात टिकून राहण्याची फी ठरते. नो-लिमिट पोकरमध्ये मात्र समोरचा आपल्यापुढच्या सगळ्या चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) लावू शकतो. किंमत तो ठरवतो, दर वेळी वेगळी ठरवतो, आणि ती रास्त आहे की नाही हे कॉल करणाऱ्यानेच तपासायचे असते.

समजा, पॉटमध्ये १०० रुपये आहेत, शेवटचा एकच पत्ता उघडायचा आहे आणि तुमच्याकडे हातातले दोन व टेबलावरचे दोन मिळून चार बदाम आहेत. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम उरतात, म्हणजे संधी सुमारे २० टक्के. समोरच्याने ५० लावले, तर तुमच्या ५० सह पॉट २०० होतो आणि कॉल परवडण्यासाठी २५ टक्के संधी हवी. ती नाही, म्हणून पॅक करावे, म्हणजे पत्ते टाकून द्यावेत. त्याने २० च लावले असते, तर १४० च्या पॉटमध्ये २० टाकण्यासाठी साधारण १४ टक्के पुरले असते आणि कॉल रास्त ठरला असता. पत्ते तेच, निर्णय उलटा. पन्नासच्या कॉलला एकच सवलत आहे: बदाम आल्यावर समोरचा सरासरी आणखी ५६ रुपये तरी देईल असा भरवसा असेल, तर तोही बरोबरीत सुटतो. "आतापर्यंत इतके घातलेत, आता एक चाल आणखी" हे कारण मात्र मुळीच चालणार नाही, कारण पॉटमध्ये गेलेले पैसे आता तुमचे राहिलेले नाहीत.

हातातले दोन पत्ते एकाच चिन्हाचे दिसले की कॉल करण्याची खोडही मला असह्य होते. असे पत्ते हाती असताना पहिल्या तीन उघड्या पत्त्यांतच कलर पूर्ण होण्याची शक्यता ०.८४ टक्का आहे. बदामची सत्ती आणि दुर्री त्या आशेवर खेळणे म्हणजे पैसे वाटणे होय.

बेधडक चाली करून समोरच्याला घाबरवण्याची हौसही तीन पत्तीतूनच येते. छोट्या रकमांच्या टेबलावर बहुतेकांना "बघू तरी काय आहे" याचीच ओढ असते, आणि कॉल करण्यासाठीच बसलेल्या माणसाला ब्लफ दाखवून उपयोग नसतो. त्याऐवजी मोजकेच हात खेळावेत, शक्यतो बोलण्याची पाळी आपली शेवटी येत असताना, आणि पत्ते खरोखर चांगले असतील तेव्हा मोठी रक्कम लावावी. ते कॉल करतीलच. उलट, रात्रभर गप्प राहून फक्त कॉल करणाऱ्या खेळाडूने शेवटच्या पत्त्यावर एकाएकी मोठी रक्कम वाढवली, तर हातातली एक्क्यांची जोडीसुद्धा खुशाल टाकून द्यावी.