पपायरसांचा व्हिला

इटलीत नेपल्सच्या उपसागराकाठी, प्राचीन हर्क्युलेनियम (आजचे एर्कोलानो) नगराच्या वायव्येस, तटबंदीबाहेर असलेला रोमन प्रासाद. व्हेसुव्हियसच्या इ. स. ७९ मधील उद्रेकात तो ज्वालामुखीय राखेच्या जाड थरांखाली गाडला गेला. उद्रेकाची परंपरागत तारीख २४ ऑगस्ट. अलीकडे अनेक अभ्यासक ऑक्टोबर महिना अधिक संभाव्य मानतात.

विहीर खोदताना १७५० मध्ये संगमरवरी फरशी लागली आणि शोध सुरू झाला. नेपल्सच्या बूर्बाँ घराण्यातील राजाच्या सेवेतील स्विस लष्करी अभियंता कार्ल वेबर याने भुयारे खणून काम केले. कामाचा हेतू मुख्यतः राजसंग्रहासाठी शिल्पे मिळवण्याचा होता, तरी वेबरने केलेला आराखडा आजही मुख्य आधार आहे. अमेरिकेतील मॅलिबू येथील गेटी व्हिला (१९७४) त्यावरूनच बांधला. विषारी वायूंनीही काम अडे. १७६५ मध्ये ते थांबले. कांस्य व संगमरवरी शिल्पे नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.

कोळशासारख्या झालेल्या पपायरसच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाच्या) गुंडाळ्या १७५२ पासून मिळू लागल्या. तुकड्यांसह नोंदींची संख्या सुमारे १,८०० भरते. बहुतेक ग्रंथ ग्रीक असून त्यांत ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचा अनुयायी फिलोडेमस याचे लेखन लक्षणीय आहे. गुंडाळ्या सावकाश उलगडण्याचे यंत्र आंतोनिओ पिआज्जो या धर्मगुरूने तयार केले. न उलगडलेल्या गुंडाळ्या आता क्ष-किरण चित्रणाने वाचल्या जात आहेत.

मालकीचा प्रश्न वादग्रस्त आहे. इटालियन विद्वान दोमेनिको कोंपारेत्ती याने एकोणिसाव्या शतकात ल्यूसिअस काल्पुर्निअस पीसो केसोनिनस (इ. स. पू. ५८ चा कॉन्सल म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, ज्यूलिअस सीझरचा सासरा) हे नाव सुचवले. रोमन वक्ता सिसेरो पीसोवरील भाषणात त्याच्या आश्रित ग्रीक तत्त्वज्ञाची टवाळी करतो, पण नाव घेत नाही; तो फिलोडेमस असल्याचे प्राचीन भाष्यकार आस्कोनिअस सांगतो. जर्मन इतिहासकार मॉमसेनने मात्र हर्क्युलेनियमच्या शिलालेखांत पीसो घराण्याचा मागमूस नसल्याकडे लक्ष वेधले. आपिअस क्लॉडिअस पुल्कर या रोमन सरदाराचेही नाव पुढे आले आहे. बांधकाम व सजावटीच्या शैलीवरून अलीकडील संशोधक वास्तू इ. स. पू. पहिल्या शतकाच्या तिसऱ्या चरणातील ठरवतात. हे कालमापन ग्राह्य धरल्यास पीसोपेक्षा त्याचा मुलगा, पीसो पाँटिफेक्स, अधिक जुळतो. ग्रंथांमुळे या घराण्याशी संबंध संभवनीय वाटतो. सिद्ध झालेला नाही.

१९९० च्या दशकातील उघड्या उत्खननात अलिंदाचा (घराच्या मधल्या चौकाचा) भाग व खालचे मजले दिसले, त्यामुळे वास्तू समुद्राकडे टप्प्याटप्प्याने उतरत होती हे कळले. वेबरच्या आराखड्यातील मोठा स्तंभयुक्त बगीचा अजून जमिनीखालीच आहे.