लाल द्रावण जांभळे होते तेव्हा

सोने पुरेसे बारीक झाले की ते पिवळे राहत नाही. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये लंडनला सोन्याच्या कणांचे माणकासारखे लाल द्रावण तयार केले आणि हा रंग सोन्याच्या सूक्ष्मपणामुळेच येतो, हे ओळखले. रसायनशास्त्रज्ञ चॅड मिर्किन यांच्या निदानशास्त्रातील कामाचे मूळ याच लाल रंगात आहे.

अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात पीएच.डी. आणि एमआयटीत पुढचे संशोधन करून मिर्किन १९९१ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. तिथे रॉबर्ट लेट्सिंगर होते. प्रयोगशाळेत डीएनएचे तुकडे जुळवण्याच्या रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. या ज्येष्ठ सहकाऱ्याचे नाव आज फारसे घेतले जात नाही, याची मला खंत वाटते.

१९९६ मध्ये या दोघांच्या गटाने १३ नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) सुवर्णकणांवर डीएनएचे धागे बसवले. धाग्याच्या टोकाला गंधक असते आणि ते सोन्याला घट्ट धरते. मग वेगवेगळे धागे असलेल्या दोन प्रकारच्या कणांना जोडेल असा तिसरा धागा द्रावणात टाकला. कण एकमेकांजवळ आले आणि लाल द्रावण जांभळे झाले. तापवल्यावर धागे सुटले, लाल रंग परतला. शोधायचा जनुकाचा तुकडाच तो तिसरा धागा असेल, तर रंगावरून त्याचे अस्तित्व कळते. १९९७ मध्ये त्यांनी नेमके हेच करून दाखवले.

खरी गंमत या सुटण्यात आहे. कणांना बांधणारे धागे अनेक असल्याने ते एकेक करून न सुटता, तापमानाच्या अगदी अरुंद पट्ट्यात जवळजवळ एकदमच सुटतात. त्यामुळे जनुकात एकच अक्षर (डीएनएच्या साखळीतील एक घटक) चुकले असले तरी तो फरक पकडता येतो.

२००० मध्ये कणांवर चांदी चढवून संकेत आणखी ठळक करण्याची पद्धत आली आणि त्याच वर्षी दोघांनी नॅनोस्फिअर ही कंपनी काढली. तिच्या व्हेरिजीन या चाचणी-यंत्रणेला २००७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. सुरुवातीच्या चाचण्यांपैकी एक वॉर्फरिनसाठी होती. रक्त गोठू न देणारे हे औषध कुणाला किती मानवेल, ते काही जनुकांवरही ठरते.

पुढे, २०१२ मध्ये, रक्तातील जंतुसंसर्गाची चाचणी आली. रक्ताच्या नमुन्यात जंतू वाढल्याचे दिसल्यावर तो कोणता आणि कोणत्या प्रतिजैविकाला दाद देणार नाही, हे कळायला नेहमीच्या पद्धतीने आणखी एक-दोन दिवस जात. या चाचणीने ते सुमारे अडीच तासांत कळू लागले.